ट्रेलरवर बसायचंय? लायसन्स कुठलं लागतं आणि वजन नक्की कसं मोजतात

एका पोराने विचारलंय, "काका, वय २३, तीन वर्षं झाली एलएमव्ही लायसन्स काढून, छोटा टेम्पो चालवतो. आता एका शेठकडे अठरा चाकी ट्रेलरवर जागा आहे, तो म्हणतो आहे त्याच लायसन्सवर बस, बाकीचं मी बघतो. तर ट्रेलरला वेगळं लायसन्स लागतं का, आणि वजन किती भरता येतं? प्रत्येकजण वेगळाच आकडा सांगतो."

बरं झालं बसायच्या आधी विचारलंस. मी सव्वीस वर्षं या धंद्यात आहे, त्यातली सतरा स्टीअरिंगवर गेली आणि आता गेली काही वर्षं नवीन पोरांना ट्रेलर शिकवतो, त्यामुळे हा प्रश्न माझ्यासमोर महिन्यातून दोनदा तरी येतोच. लायसन्सचं उत्तर छोटं आहे, वजनाचं मोठं. आणि जास्त काळजी वजनाचीच कर, कारण लायसन्स एकदा काढलं की झालं, वजन रोज नव्याने उभं राहतं.

आधी शेठचं बोलणं. नाही बसायचं. एलएमव्ही म्हणजे लाइट मोटर व्हेइकल, आणि माल वाहणाऱ्या गाडीसाठी त्याची हद्द ७५०० किलो, तीही ग्रॉस, म्हणजे गाडी अधिक माल मिळून कागदावर मंजूर असलेलं वजन. याच्यावरून बरीच वर्षं गोंधळ होता, की टेम्पो छोटा असला तरी ट्रान्सपोर्टचा आहे मग वेगळा शिक्का पाहिजे की नको, इन्शुरन्सवाले याच मुद्द्यावर क्लेम अडवायचे. सुप्रीम कोर्टाने २०१७ मध्ये मुकुंद देवांगन केसमध्ये सांगितलं की ७५०० किलोपर्यंतची मालवाहू गाडी एलएमव्हीवर चालते, आणि ६ नोव्हेंबर २०२४ ला पाच न्यायाधीशांच्या खंडपीठाने तेच कायम केलं. म्हणजे तू टेम्पो चालवतोयस ते बरोबर आहे. पण काही लोकांनी त्या निकालाचा अर्थ असा काढला की आता एलएमव्हीवर काहीही चालतं, तसं अजिबात नाही. ७५०० च्या वर एक किलो जरी मंजूर वजन असलं तरी ट्रान्सपोर्ट व्हेइकलचा वर्ग लायसन्सवर पाहिजे, आणि तुझा अठरा चाकी तर ४५ टनाच्या पुढे जातो.

ट्रेलरचा म्हणून वेगळा वर्ग आपल्या मोटार वाहन कायद्यात नाही. पूर्वी मिडियम गुड्स, हेवी गुड्स असे वेगवेगळे वर्ग होते, १९९४ च्या दुरुस्तीनंतर ते सगळे मिळून एकच ट्रान्सपोर्ट व्हेइकल झाला. म्हणून ज्याने दहा चाकी चालवून हेवी काढलं तो कागदाने अठरा चाकीवर बसू शकतो. मला स्वतःला हे पटत नाही, स्पष्ट सांगतो. युरोपात ट्रकचं लायसन्स वेगळं आणि मोठा ट्रेलर ओढायचं वेगळं, अमेरिकेतही ओढणारी गाडी आणि ट्रेलर मिळून किती वजन होतं ते बघून वर्ग ठरतो. आपल्याकडे कायदा वेगळी टेस्ट मागत नाही म्हणून ती जबाबदारी तुझ्यावर येते. ट्रेलर रिव्हर्स घेताना स्टीअरिंग उलटं चालतं, वळणावर मागची चाकं आत कापतात, ओल्या रस्त्यावर ब्रेक जोरात दाबला तर मागची ट्रॉली घोड्याला, म्हणजे पुढच्या ओढणाऱ्या गाडीला, ढकलत बाजूला फिरवते. दहा चाकीवर हे शिकायला मिळत नाही.

तुला काय करावं लागेल ते सांगतो. ट्रान्सपोर्टसाठी वय २० पूर्ण पाहिजे आणि एलएमव्हीचं पक्कं लायसन्स किमान एक वर्ष जुनं पाहिजे, तुझं दोन्ही बसतं. सारथी या सरकारी वेबसाइटवर ऑनलाइन अर्ज करून नवीन वर्गाचं लर्निंग काढायचं, डॉक्टरचं फॉर्म १ए लागतं (ट्रान्सपोर्टला कुठल्याही वयात लागतं, चाळिशीची वाट बघायची नाही), मग मान्यताप्राप्त ड्रायव्हिंग स्कूलचं फॉर्म ५ चं सर्टिफिकेट, ते ट्रान्सपोर्टच्या वर्गाला बंधनकारक आहे. लर्निंग सहा महिने चालतं आणि ३० दिवसांनंतर पक्की टेस्ट देता येते. पूर्वी आठवी पासची अट होती, ती २०१९ मध्ये काढली, त्यामुळे शाळा सुटलेल्यांनी त्या भीतीने एजंटला पैसे देऊ नयेत. २०२१ पासून ॲक्रेडिटेड ट्रेनिंग सेंटरची सोय आली आहे, तिथे हेवीचा कोर्स सहा आठवडे, ३८ तासांचा असतो आणि तो पास झालास तर आरटीओची ड्रायव्हिंग टेस्ट माफ होते. जवळपास असं सेंटर असेल तर तिथेच जा. नुसतं सर्टिफिकेट विकणाऱ्याकडे गेलास तर पैसे वाचतील पण स्टीअरिंगवर हात बसणार नाही.

मुदतीचं लक्षात ठेव. ट्रान्सपोर्टचं लायसन्स पाच वर्षं चालतं, आणि पूर्वी मुदत संपल्यावर ३० दिवसांची सूट मिळायची ती २०१९ च्या दुरुस्तीत गेली. आता तारीख संपली की लायसन्स संपलं. रिन्यूचा अर्ज मुदत संपायच्या एक वर्ष आधीपासून करता येतो, मग शेवटच्या आठवड्यावर कशाला ठेवायचं. संपून वर्ष उलटलं तर पुन्हा टेस्ट. टँकर, ॲसिड, गॅस असा धोकादायक माल न्यायचा असेल तर त्याचं तीन दिवसांचं ट्रेनिंग आणि लायसन्सवर वेगळी नोंद लागते, त्याची मुदतही पाचाऐवजी तीनच वर्षं असते. तुझा विषय सध्या तो नाही.

आणि शेठ म्हणतो "मी बघतो", तर तो काय बघणार ते ऐक. विनालायसन्स गाडी चालवली तर ड्रायव्हरला ५,००० दंड आणि चालवायला देणाऱ्या मालकाला वेगळे ५,०००, हे पैसे तो भरेलही. पण उद्या अपघात झाला, समोरचा माणूस गेला, तर इन्शुरन्स कंपनी कोर्टात सांगते की ड्रायव्हरकडे लायसन्स नव्हतं. अशा केसमध्ये कोर्ट बहुतेक वेळा कंपनीला आधी नुकसानभरपाई द्यायला लावतं आणि नंतर मालकाकडून वसूल करायची मुभा देतं. फौजदारी केस मात्र तुझ्या नावावर राहते. ती कुठला शेठ बघणार?

आता वजन.

तुला प्रत्येकजण वेगळा आकडा सांगतो कारण "पासिंग" हा एकच शब्द लोक दोन अर्थाने वापरतात. एक म्हणतो गाडी ४५ टन पासिंग, दुसरा त्याच गाडीला ३१ टन पासिंग म्हणतो. पहिला ग्रॉस सांगतोय, म्हणजे घोडा, ट्रॉली, माल, डिझेल, तू, सगळं मिळून. दुसरा माल किती बसतो ते सांगतोय. दोघंही खरं बोलतात आणि ऐकणारा फसतो. म्हणून कुणी आकडा सांगितला की पहिला प्रश्न विचारायचा, ग्रॉस की माल?

आणि माल म्हणजे नुसता बिलावरचा माल नव्हे. ४०० लिटर डिझेल म्हणजे जवळजवळ ३३० किलो. दोन स्टेपन्या, साखळ्या, बेल्ट, ताडपत्री, पाण्याचे कॅन, जॅक, लाकडी गुटके, हे सगळं काट्यावर चढतं. बिलावर नेट वजन असतं, त्यात पॅलेट नसतं, पॅकिंग नसतं. कंटेनर असेल तर रिकामा वीस फुटी कंटेनरच सव्वादोन टनांच्या आसपास असतो आणि ते वजन तुझ्या ट्रॉलीच्या दृष्टीने मालच आहे. निर्यातीच्या कंटेनरला १ जुलै २०१६ पासून व्हीजीएम म्हणजे प्रत्यक्ष मोजलेलं एकूण वजन जाहीर करावं लागतं, तो आकडा मागून घे, सील लागल्यावर आत काय आहे ते तुला दिसणार नाही.

आपल्याकडे वजनाचे आताचे आकडे जुलै २०१८ च्या अधिसूचनेने आले. ॲक्सल म्हणजे दोन्ही बाजूची चाकं जोडणारा आस. पुढचा स्टीअरिंगचा ॲक्सल ७ टन, मागे चार टायरचा एकटा ॲक्सल ११.५ टन, जवळजवळचे दोन ॲक्सल म्हणजे टँडम २१ टन, आणि ट्रॉलीचे तीन ॲक्सल म्हणजे ट्राय-ॲक्सल २७ टन. हे चार आकडे पाठ कर, बाकी सगळी बेरीज आहे. सहा चाकी ट्रक ७ अधिक ११.५, १८.५ टन. दहा चाकी ७ अधिक २१, २८ टन. चौदा चाकी ट्रेलर, म्हणजे सहा चाकी घोडा आणि मागे दोन ॲक्सलची ट्रॉली, ३९.५ टन. तुझा अठरा चाकी, सहा चाकी घोडा आणि तीन ॲक्सलची ट्रॉली, ७ अधिक ११.५ अधिक २७, बरोबर ४५.५ टन. दहा चाकी घोड्यामागे तीच ट्रॉली लावली की बावीस चाकी, ५५ टन. ५५ टनांच्या वर नेहमीच्या परवान्यात जाता येत नाही, त्यापुढे हायड्रॉलिक मॉड्युलर ट्रेलर आणि खास परवानगीचं काम सुरू होतं.

जुने ड्रायव्हर अजून ४०.२ किंवा ४९ असे आकडे बोलतात. ते चुकीचे नव्हते, २०१८ च्या आधी पुढचा ॲक्सल ६, मागचा १०.२, टँडम १९ आणि ट्राय-ॲक्सल २४ टन होता, त्याची ती बेरीज. म्हणून गाडी जुनी असेल तर आरसी उघडून बघ. अधिसूचनेत काय आलं त्यापेक्षा तुझ्या गाडीच्या आरसीवर काय नोंदलंय तेच काट्यावर धरतात. आणि ट्रेलरला आरसी दोन असतात, घोड्याची वेगळी, ट्रॉलीची वेगळी. बरेच ड्रायव्हर घोड्याची आरसी जपतात आणि ट्रॉलीच्या आरसीची मुदत, फिटनेस, इन्शुरन्स कधी संपला ते त्यांना माहीतच नसतं. दोन्ही बघ. ५५ टनाचा घोडा दोन ॲक्सलच्या ट्रॉलीला लावला तर ५५ टन होत नाहीत, ७, २१ आणि २१ मिळून ४९ होतात. ओढायची ताकद कितीही असो, रस्त्यावर वजन ॲक्सलच उतरवतात.

इथे आलो मी मुख्य गोष्टीवर. एकूण काटा बरोबर आला म्हणजे वजन बरोबर झालं असं नाही. कायद्याच्या कलम ११३ मध्ये ग्रॉसची मर्यादा आहे तशीच प्रत्येक ॲक्सलची पण आहे. मी हे पैसे देऊन शिकलो, तू फुकट शिक.

चार-पाच वर्षांपूर्वीची गोष्ट, एका कारखान्यातून स्टीलच्या कॉइल भरल्या, तीन कॉइल, मिळून २८ टन. गाडी अठरा चाकी, रिकामी साडेचौदा. काट्यावर ४२.५ टन आलं, मर्यादा ४५.५, तीन टन कमीच, लोडिंग सुपरवायझर म्हणाला अंडरलोड आहे, जा. मला कॉइल जरा पुढे वाटल्या होत्या. बोललो पण होतो, तो म्हणाला क्रेन दुसरीकडे गेली, आता हलवता येणार नाही. मी पुढे बोललो नाही, इथे माझं चुकलं. पुढे टोलवर चालत्या गाडीचं वजन करणारा काटा होता, त्याच्यावर ॲक्सलवार आकडे येतात. पुढचा ६.५, मागची ट्रॉली २२, आणि घोड्याचा मागचा ॲक्सल १४ टन. साडेअकराच्या जागी चौदा! एकूणात तीन टन कमी असलेली गाडी एका ॲक्सलवर अडीच टन जास्त निघाली. कॉइल हाताने तर उतरवता येत नाही, क्रेन येईपर्यंत रात्र गेली, एक कॉइल फक्त मागे सरकवून ठेवायची होती आणि त्यासाठी नऊ तास मी रस्त्याच्या कडेला बसून होतो.

असं का होतं ते एकदा समजून घे म्हणजे आयुष्यभर पुरेल. ट्रॉली दोन ठिकाणी टेकलेली असते, पुढे तिच्या खालचा जाड खिळा, म्हणजे किंगपिन, घोड्याच्या पाठीवरच्या प्लेटमध्ये अडकतो आणि तिथे भार येतो, आणि मागे तिच्या ॲक्सलवर. समज किंगपिनपासून ट्राय-ॲक्सलच्या मधल्या ॲक्सलपर्यंत ८ मीटर आहेत. २८ टन माल तू १ मीटर पुढे सरकवलास तर २८ भागिले ८, म्हणजे साडेतीन टन ट्रॉलीच्या ॲक्सलवरून उठून प्लेटवर येतात. प्लेट घोड्याच्या मागच्या ॲक्सलच्या किंचित पुढे असते, म्हणून त्यातला अर्धा टन पुढच्या चाकांवर जातो आणि तीन टन सरळ मागच्या ॲक्सलवर. माझ्या कॉइल एक मीटर मागे असत्या तर पुढे ६, मध्ये ११ आणि ट्रॉलीवर २५.५ आले असते, बेरीज तीच ४२.५, सगळं मर्यादेत. एका मीटरचा प्रश्न होता. लोखंड, कॉइल, दगड, मशीन असा कमी जागेत बसणारा जड माल असेल तर हे गणित आधी करायचं, कापूस, प्लास्टिक असं फुगीर भरलं तर तो सगळीकडे पसरतो आणि फारसा त्रास देत नाही.

उलटंही तितकंच वाईट. माल फार मागे गेला तर प्लेटवर भार कमी पडतो, घोड्याची मागची चाकं ओल्या चढावर जागेवर फिरतात, स्टीअरिंग हलकं लागतं, आणि वळणावर गाडी हवी तशी वळत नाही. स्टीअरिंग नेहमीपेक्षा हलकं वाटलं की "आज गाडी मस्त चालतीय" असं समजू नकोस, थांब आणि बघ.

तुझ्या यार्डात ॲक्सलचा काटा नसेल तर साध्या काट्यावरही ॲक्सलवार वजन काढता येतं. काटा आणि त्याच्या मागचा-पुढचा रस्ता सपाट पाहिजे, उतारावर चुकीचं येतं. आधी फक्त पुढची चाकं काट्यावर घे, हँडब्रेक न लावता गाडी स्थिर कर, आकडा लिही. मग घोडा पूर्ण चढव, ट्रॉलीची चाकं बाहेर ठेव, दुसरा आकडा लिही. मग पूर्ण गाडी. माझ्या त्या दिवशी हे केलं असतं तर ६.५, २०.५ आणि ४२.५ असे तीन आकडे आले असते, दुसऱ्यातून पहिला वजा केला की १४ समोर दिसले असते, क्रेन आवारात असतानाच. पाच मिनिटांचं काम आहे, काटेवाला कुरकुर करेल, करू दे. तिन्ही पावत्या गाडीत ठेव.

दंड किती, ते पण विचारतात सगळे. कलम १९४, सप्टेंबर २०१९ पासून, जादा वजनाला २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला २,०००, आणि उतरवायचा खर्च वेगळा. जादा माल काढल्याशिवाय गाडी हलू देत नाहीत. माल बाजूला, मागे, पुढे किंवा उंचीला बाहेर आला तर त्याचेही २०,००० आहेत, वजन कमी असलं तरी. गाडी थांबवली नाही किंवा काट्यावर न्यायला नकार दिला तर ४०,०००, म्हणजे पळून जाण्यात काही अर्थ नाही. अधिकारी तुला वजनासाठी कुठेही फिरवू शकत नाही हेही माहीत असू दे, कलम ११४ प्रमाणे काटा तुझ्या पुढच्या मार्गापासून १० किलोमीटरच्या आत किंवा मुक्कामाच्या ठिकाणापासून २० किलोमीटरच्या आत पाहिजे. हे नम्रपणे सांगायचं, हुज्जत घालायची नाही.

पण पैशापेक्षा मोठी गोष्ट वेगळी आहे आणि ती फार कमी पोरांना माहीत असते. ओव्हरलोडसाठी लायसन्स सस्पेंड होऊ शकतं. केंद्रीय मोटार वाहन नियमांच्या नियम २१ मध्ये ज्या कारणांनी लायसन्स जप्त किंवा अपात्र होतं त्यात मालगाडीत जादा माल भरणं आहे, आणि २०१५ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या रस्ता सुरक्षा समितीने अशा गुन्ह्यांसाठी किमान तीन महिने सस्पेन्शनचे निर्देश राज्यांना दिले. दंड शेठ भरेल रे, लायसन्स तीन महिने गेलं तर घरी चूल कशी पेटणार? माल दुसऱ्याचा, गाडी तिसऱ्याची, आणि पोटाचा कागद तुझा.

कायदा एकट्या ड्रायव्हरला धरत नाही हेही खरं आहे. मालक ड्रायव्हर नसेल तर त्याच्या माहितीने किंवा सांगण्यावरून गाडी भरली असं कोर्ट गृहीत धरू शकतं, आणि १९४ मध्ये चालवणाऱ्याबरोबर चालवायला लावणारा किंवा चालवू देणाराही येतो. म्हणून लोडिंगच्या जागी तू हरकत घेतलीस तर ती लिहून ठेव, शेठला मोबाइलवर मेसेज टाक, "मागचा ॲक्सल १४ येतोय, माल मागे घ्यायला सांगा." एक ओळ पुरते. बहुतेक वेळा मेसेज गेला की माल हलतो, कारण लेखी आलेली गोष्ट ऐकली नाही असं नंतर म्हणता येत नाही.

रस्त्याचं पण एक सांगतो, कारण लोकांना वाटतं हे नियम नुसते वसुलीसाठी आहेत. अमेरिकेत १९५८ ते १९६० मध्ये मुद्दाम रस्ते बांधून त्यांच्यावर ट्रक फिरवून मोठी चाचणी केली होती, त्यातून निघालं की ॲक्सलचं वजन वाढलं की रस्त्याचं नुकसान साधारण चौथ्या घाताने वाढतं. म्हणजे साडेअकराचा ॲक्सल चौदाचा केला, वजन वीस-बावीस टक्के वाढलं, तर रस्त्याची झीज दुपटीहून जास्त. ज्या खड्ड्यांना आपण शिव्या देतो ते आपल्याच चाकांनी पडतात. आणि घाट उतरताना जितकं वजन जास्त तितकी उष्णता ब्रेकच्या ड्रमला जास्त सोसावी लागते. ड्रम तापले की पॅडल दाबलं जातं पण गाडी थांबत नाही, त्या क्षणी पोटात जो गोळा येतो तो तुला कधी अनुभवायला लागू नये. चढताना जो गियर लागला असता त्याच गियरमध्ये उतर, आणि एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनाचा धूर अडवून वेग कमी करणारा) उताराच्या वरच्या टोकालाच लाव, मधे नाही.

नंबरचं एक छोटं. ट्रॉलीला स्वतःचा रजिस्ट्रेशन नंबर असतो, आणि ती ओढणाऱ्या गाडीचा नंबर पण मागे दिसला पाहिजे. घोडा बदलला की मागची पाटी बदलायची राहते, आणि थांबवलं की पहिलं तेच दिसतं. वेग चौपदरी आणि एक्स्प्रेस हायवेवर जास्तीत जास्त ८०, बोर्ड कमी सांगत असेल तर कमी.

शेवटी जोडणी, कारण लायसन्सच्या टेस्टमध्ये तुला हे कुणी विचारणार नाही. ट्रॉली जोडली की नुसता खट आवाज ऐकून निघायचं नाही. खाली वाक, टॉर्च मार, प्लेट आणि ट्रॉलीच्या खालच्या पत्र्यामध्ये फट दिसता कामा नये, किंगपिनला धरणारा प्लेटचा जबडा त्याच्या मागे पूर्ण बंद झालेला दिसला पाहिजे, हँडल आत गेलेलं आणि त्याची सेफ्टी पिन लागलेली पाहिजे. हवेचे दोन्ही पाइप लाव, लाल आणि दुसरा, अदलाबदल नको. मग ट्रॉलीचा ब्रेक लावलेला ठेवून पहिल्या गियरमध्ये हलका झटका पुढे दे, घोडा अडला पाहिजे, सुटला नाही पाहिजे. त्यानंतरच पाय वर घे, म्हणजे सुटी ट्रॉली ज्यांच्यावर उभी राहते ते पुढचे पाय. मी एका पोराला आधी पाय वर घेताना बघितलंय, जबडा लागलेला नव्हता, घोडा पुढे गेला आणि भरलेली ट्रॉली नाकावर आपटली. तो बाजूला उभा नव्हता एवढंच नशीब.

तर शेठला सांग, दोन महिने थांबा, लायसन्स काढतो. तोपर्यंत त्याच्याच गाडीवर जुन्या ड्रायव्हरबरोबर क्लीनर म्हणून जा, पैसे कमी मिळतील पण रिव्हर्स कसा घेतात, काट्यावर कसा उभा करतात, लोडिंगवाल्याशी कसं बोलतात ते बघायला मिळेल. एक वही ठेव, प्रत्येक ट्रिपला कुठला माल, ट्रॉलीवर कुठे ठेवला आणि तीन आकडे काय आले ते लिहीत जा. वीस-पंचवीस ट्रिप झाल्या की माल चढताना बघूनच तुला सांगता येईल मागचा ॲक्सल किती येणार. शेठ थांबायला तयार नसेल तर दुसरा शेठ बघ, हेवीच्या चांगल्या ड्रायव्हरची टंचाई आहे, तुला काम मिळेल.